पांढऱ्या धुळीची बरणी

सकाळचे आठ वाजायचे होते, पण चामोर्शीच्या बसस्थानकामागच्या गल्लीत उन्हानं आपलं दुकान केव्हाच मांडलं होतं. मे महिन्याचे दिवस. रात्रभर भिंतींनी धरून ठेवलेली धग उतरली नव्हती, तोवर नवी चढायला लागलेली. रोशनीनं शटर वर केलं, झाडून घेतलं, दारापुढं बादलीभर पाणी शिंपलं. इकडं शिंपावं तोवर तिकडचं वाळत होतं. मग तिनं कूलरच्या टाकीत नळी सोडली आणि टाकी भरेपर्यंत टेबलावरचे स्क्रू फिरवायचे पेचकस लहानापासून मोठ्यापर्यंत लावत बसली. या मुलुखात उन्हाळ्यात माणूस कूलरला सोडून फार लांब जात नाही. लग्नाची पंगत असो की मयतीचं बसणं, माणसं हळूहळू सरकत कूलरच्या तोंडापाशीच गोळा होतात.

टाकी भरली, तशी दारात स्कूटी थांबली. पायल उतरली. तोंडाला ओढणी, डोळ्यांवर गॉगल आणि दोन्ही हातांत एक ओलं गाठोडं, तान्हं मूल धरावं तसं धरलेलं.

"ताई, लवकर पाहा वो. पुन्हा मेला."

"कोण मेला?"

"हाच." पायलनं गाठोडं टेबलावर ठेवलं. ओल्या टॉवेलातून काळा जाडजूड लॅपटॉप निघाला.

"माय वो! अन् हा ओला टॉवेल काऊन?"

"ऊन लागते ना त्याले. आईनं गुंडाळून देल्ला."

"लॅपटॉपले पट्ट्या ठेवते काय कोणी, ताप आलेल्या लेकरावानी?"

"मीही तेच म्हटलं. तं आई म्हणे, तापलेलंच तं आहे."

रोशनीला हसू आलं, पण तिनं आधी कोरडं फडकं घेऊन मशीन चहूबाजूंनी पुसलं. हा लॅपटॉप तिच्या ओळखीचा होता. तलावाकाठच्या ढिवर मोहल्ल्यात बाबुलालचं घर. तो तलावात मासे धरतो, त्याची बायको इंदिराबाई आठवडी बाजारात विकते, आणि त्यांची ही एकुलती एक पोरगी घरी बसून खेळांसाठी झाडं बनवते. खेळ म्हणजे कॉम्प्युटरवरचे. पोरं ज्यात बंदुका घेऊन पळतात, त्यातलं जंगल, झोपड्या, नाले, नावा कोणाला तरी आधी पडद्यावर घडवावं लागतं. पायल ते मोबाईलवर पाहून पाहून शिकली आणि नागपूरच्या एका इंजिनिअरिंगवाल्या पोराकडून हा गेमिंग लॅपटॉप जुना विकत घेतला. त्याच्या बटणांखाली मंडईच्या जत्रेतल्या आकाशपाळण्यासारखे लाल-निळे दिवे लागत. आधी इंदिराबाईला वाटलं, पोरीनं देवासाठी काही आणलं.

हिवाळा सरता सरता रोशनीनंच त्याची रॅम वाढवून दिली होती, नवी एसएसडी बसवली होती. मशीन पळायला लागलं होतं. जाता जाता तिनं उन्हाळ्यातला आपला नेहमीचा सल्लाही दिला होता. मग आता हे काय?

"कसा मरते? नीट सांग."

"अर्धा तास चालते. पंखे बोंबलते. मंग एकदम काळा पडदा. थंडा झाला का पुन्हा सुरू." पायल स्टुलावर टेकली. आवाज खाली आला. "ताई, रविवारी दुपारी हैदराबादची कंपनी माही परीक्षा घेऊन राह्यली. खेळ बनवनारी कंपनी आहे. थे तिकडून सांगन अन् मी इकडं त्याहीच्या समोर बनवाचं, आपल्याच मशीनवर. दोन-तीन तास. घरून काम करू देते थे लोकं, म्हून मशीन बी पाहते. मधातच बंद पडला तं संपलं."

"दुसऱ्या कोनाचा घेता येत नाई?"

"इतकं ओझं उचलनारा कोनापाशी आहे इकडं? गडचिरोलीच्या कॅफेतल्यावर करून पाह्यलं. माही फाईल उघडतानाच त्याची मान पडली."

आज गुरुवार होता. रोशनीनं मशीन उलटं केलं आणि सगळ्यात छोटा पेचकस उचलला.

रोशनी मूळची राजुऱ्याची. तिकडं कोळशाच्या खाणी, वाळत घातलेली पांढरी साडी संध्याकाळी पांढरी राहीलच असं नाही. लहानपणी घरचा रेडिओ बंद पडला, तेव्हा बापानं तो उघडला आणि आतून चिमूटभर काळी पूड तळहातावर काढून पोरीला दाखवली. बाप परत रेडिओत गुंतला. पोरगी त्या पुडीत गुंतली. बाहेरचं गाव एवढ्याशा बंद डब्यात शिरलंच कसं, हे कोडं तिच्या डोक्यातून गेलं नाही. पुढं तिनं आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलं, प्रफुलशी लग्न होऊन चामोर्शीला आली, आणि प्रफुल एसटीत कंडक्टर म्हणून फिरतीवर असायचा, तर घरी बसून काय करायचं म्हणून हे दुकान टाकलं. पहिली काही वर्षं गिऱ्हाईक दारातून आत डोकवायचं आणि विचारायचं, "भाऊ कुठी गेले?" ती म्हणायची, "भाऊ बस घेऊन गेले. मशीन ठेवा इथी." पुष्कळजण मशीन पोटाशी धरून भाऊ परत येईपर्यंत उभे राहायचे. भाऊ परत यायचे, गिऱ्हाइकाचं तिकीट फाडल्यासारखं तोंड करून म्हणायचे, "मले यातलं काही समजत नाई, बाईलेच द्या."

आता तसं कोणी विचारत नाही. म्हणजे रोज विचारत नाही.

तिच्या दुकानात टेबलामागं एक फळी होती. त्या फळीवर छोट्या काचेच्या बरण्या, आणि बरण्यांत धूळ. मशीनच्या पंख्यातून निघालेली धूळ ती फेकत नसे, बरणीत ठेवी आणि वरून गावाचं नाव लिही. राजुऱ्याकडची काळी, बोटाला तेलकट लागणारी. धानगिरणीजवळची भुरकट, तुसाचे तुकडे चमकणारी. पिठाच्या चक्कीवाल्याची मऊ, पावडरीसारखी. एका फॉरेस्ट गार्डच्या लॅपटॉपातून तेंदूपानाचा चुरा निघाला होता आणि एका मास्तरच्या मशीनमधून खडूऐवजी मुंग्यांची अख्खी वसाहत. प्रफुल म्हणायचा, "लोकं दुसऱ्याच्या दुकानात देवाचे फोटो पाहते, तुह्या दुकानात माणसं आपापली धूळ पाहून जाते." धूळ बघितल्याशिवाय मशीनचं दुखणं कळत नाही, असं तिचं सरळ म्हणणं होतं. ती मशीनला नंतर विचारायची, आधी धुळीला.

पायलच्या लॅपटॉपचं झाकण निघालं आणि रोशनीचा हात थांबला.

"हे काय वो पोरी?"

दोन पंखे, त्यांच्यामधून गेलेल्या तांब्याच्या चपट्या नळ्या, आणि नळ्यांच्या टोकाशी तांब्याच्या बारीक पात्यांची जाळी, डोकं विंचरायच्या फणीसारखी. खेळासाठी बनवलेलं मशीन म्हणजे भरपूर राबणारा आणि भरपूर तापणारा गडी. त्याच्या अंगची उष्णता नळ्यांनी ओढायची, पात्यांवर पसरायची आणि पंख्यांनी त्या पात्यांमधून हवा फुंकून बाहेर घालवायची, एवढाच त्याचा घाम पुसायचा मार्ग. इथं तो मार्गच बुजला होता. पण धुळीनं नाही. पात्यांवर पांढरा, खरबरीत थर बसला होता. बोटानं निघत नव्हता. नखानं खरवडला तर कुरकुरला.

रोशनीनं भिंग लावलं. इतक्या वर्षांत इतकी धूळ पाहिली, ही कुठल्याच बरणीत नव्हती.

"तुमच्या घरी रांगोळी कुठी ठेवते?"

"रांगोळी दिवाळीले."

"पावडर लावते काय अंगाले?"

"घामोळ्याचं लावतो. पन लॅपटॉपले नाई लावत ना मी."

"पीठ? कणिक?"

"ताई, मी त्याच्यावर झाडं बनवतो, पोळ्या नाई."

रोशनीनं चिमटीनं एक कण उचलला आणि जिभेच्या टोकाला लावला. पायलनं तोंड वाकडं केलं. खारट म्हणावं तर खारट नव्हतं, नुसतं मातकट. टेबलावर लिंबूसरबताचा ग्लास होता. तिनं पिळलेल्या लिंबाची फोड घेतली आणि त्या कणावर एक थेंब पाडला. थेंब फसफसला, बारीक बुडबुडे आले, कण विरघळला.

"चुना!" रोशनी म्हणाली, आणि तिचे डोळे चमकले. "तुहे बाबा चुना आणते ना तलावासाठी?"

आणतो तर. तलाव आटला की गाळावर चुना मारायचा, म्हणजे पुढं मासळीला रोग होत नाही. बाबुलालनं या आठवड्यातच थैल्या आणून घरात रचल्या होत्या. पायलनं कपाळावर हात मारला. "म्हटलं होतं मी बाबाले, बाहेर ठेवा म्हून!"

तिढा सुटला असं दोघींनाही वाटलं. रोशनीनं ब्रशनं, टोकदार काडीनं जेवढा निघाला तेवढा थर काढला, पंखे पुसले, चिपांवरची वाळून पापड झालेली पेस्ट खरवडून नवी लावली. ही पेस्ट म्हणजे चिप आणि तांबं यांच्यामधला लेप, तो नसला तर उष्णता पुढं सरकतच नाही. दुकानातली शेवटची नळी त्यात संपली. मग तिनं मशीन सुरू केलं, पायलचं सगळ्यात जड जंगल उघडलं आणि चालू ठेवलं. एक चहा झाला, दुसरा झाला, मधात एका मोबाईलची काच बदलून झाली. जंगल चालत होतं. पायल आनंदानं गेली. पांढरा चुरा नव्या बरणीत गेला. रोशनीनं वर लिहिलं, 'चुना, ढिवर मोहल्ला'.

शुक्रवारी भर दुपारी फोन आला.

"ताई," पायल रडायच्या बेतात होती, "पुन्हा मेला."

"चुना काढला काय घरातून?"

"सगळा. मी अन् आईनं मिळून गोठ्यात नेला. बाबा कालपासून बोलले नाई आमच्यासंगं."

फोन ठेवून रोशनी बराच वेळ फळीकडं पाहत राहिली. नवी बरणी तिच्याकडं पाहत होती. तिच्या लक्षात एक गोष्ट आली आणि मान शरमेनं खाली गेली: काल तिनं मशीन चालवून पाहिलं ते मागचं झाकण न लावता. दार-खिडक्या उघड्या टाकून घर थंड आहे म्हणण्यासारखंच ते. झाकण लागल्यावर हवा जाणार होती त्या पात्यांमधूनच, आणि पात्यांच्या पोटातला थर काडीनं कुठला निघतो? हे झालं मशीनचं. पण थर आला कुठून? थैलीतला चुना भुरभुरीत असतो, फुंकरीनं उडतो. हा तर चहाच्या भांड्याच्या बुडाशी धरतो तसा धरलेला. उडून आलेला नव्हे, तिथंच जमलेला.

दुकानात बसून याचं उत्तर मिळणार नव्हतं. रात्री तिनं प्रफुलला गडचिरोलीहून पेस्टची नळी आणायला सांगितलं, आणि शनिवारी उजाडताच स्कूटीला पिशवी अडकवून ढिवर मोहल्ला गाठला.

बाबुलाल अंगणात जाळं पसरून बसला होता. रोशनीला पाहून त्यानं मान हलवली आणि जाळ्यातच बोलला, "या बाई. अजून काही बाहेर फेकाचं राह्यलं असंन तं सांगा. मीच उरलो आता."

"रागावू नका ना भाऊ. पाह्याले आलो मी."

घराचे दोन भाग. मागं जुनी मातीची खोली, कौलारू, त्यात पाण्याचे माठ आणि जाळी. पुढं घरकुलाची नवी स्लॅबची खोली. पायलची बैठक नव्या खोलीत. रोशनी आत शिरली आणि उभीच राहिली.

खोलीच्या मधोमध पाट मांडला होता. पाटावर नक्षीचा रुमाल, रुमालावर लॅपटॉप. आणि त्याच्यासमोर, हातभर अंतरावर, लोखंडी कूलर. तोंड थेट लॅपटॉपकडं, पूर्ण वेगात. पायल बाजूला घामानं निथळत होती. दाराशी इंदिराबाई भरलेली बादली घेऊन उभी.

"आता भरलाच होता," इंदिराबाई अभिमानानं म्हणाली. "पानी कमी होऊच देत नाई मी. रातपासून तिसरी बालटी. आमाले हवा लागो का नाई लागो, याले लागली पायजे. माही पोरगी याच्यावर शिकली."

रोशनी कूलरपाशी बसली. त्याच्या तोंडाची जाळी पांढरी झाली होती. गवताच्या ताट्यांवर पांढरे ओघळ वाळले होते, खालच्या कडेला तर मिठाच्या खड्यांसारखी नक्षी चढली होती. तिनं पिशवीतून लिंबू काढलं, कापलं, जाळीवर पिळलं.

फस्स.

"पानी कुठलं वो बाई, हे?"

"बोअरचं. प्यायले येत नाई, डाळ शिजत नाई त्याच्यात. पन कूलरले काय, कोनतंही चालते."

रोशनी तशीच जमिनीवर मांडी घालून बसली. एकेक गोष्ट जागेवर जाऊन बसत होती, आणि ती तशी बसताना पाहण्यात तिला इतकी गोडी वाटली की क्षणभर ती रविवारही विसरली. कूलर नुसती हवा फेकत नाही. हवेबरोबर पाण्याचे बारीक कण फेकतो. माणसाच्या अंगावर ते पडतात, वाळतात, त्यातला क्षार अंगावर राहतो आणि संध्याकाळी आंघोळीला धुऊन जातो. पण हा लॅपटॉप ती हवा श्वासासारखी आत ओढतो, आणि आत त्याची पाती तव्यासारखी तापलेली. थेंब पडला की उडाला, क्षार तिथंच. दिवसभर, बादल्यांवर बादल्या. वर मशीन तापलं की इंदिराबाई कूलर आणखी जवळ सरकवणार.

"इंदिराबाई," ती हळूच म्हणाली, "हा कूलरच खाऊन राह्यला त्याले."

इंदिराबाईच्या हातातली बादली खाली आली. "म्हनजे मी?"

"नाई, तसं नाई..."

"मीच पानी टाकलं ना बाई रोजच्या रोज. मीच सरकवला जवळ." तिनं पदर तोंडाला लावला. "पन तुमीच तं सांगतलं होतं पोरीले! कूलरसमोर ठेवत जा म्हून. मी तं म्हटलं, दुकानवाली बाई सांगते तं बरोबरच असंन."

तो सल्ला तिचाच होता. जाता जाता दिलेला, उन्हाळ्यात येणाऱ्या प्रत्येकाला देते तो. सांगताना तिच्या डोळ्यांसमोर होता तिच्या दुकानातला कूलर, कोपऱ्यात ठेवलेला, नळाच्या पाण्याचा. बोअरचं पाणी आणि हातभर अंतर तिच्या मनातही आलं नव्हतं.

"सांगतलं होतं," ती म्हणाली. "मीच सांगतलं. तुमी फक्त माह्यापेक्षा जास्त मन लावून केलं."

बाहेरून बाबुलालचा आवाज आला, "म्हनजे चुना आत आनू काय परत?"

तिघीही हसल्या, इंदिराबाई रडता रडता.

मग कामाला सुरुवात झाली. पंखे सुटे करून, पाती आणि नळ्यांचा अख्खा सांगाडा रोशनीनं बोर्डावरून अलगद उचलला. नशीब, ओल बोर्डापर्यंत पोचली नव्हती. पण थर काढायचा कसा? लिंबं दोनच होती आणि जाळी बारीक. इंदिराबाई वाकून पाहत होती.

"हे तांबं होय ना?"

"हो, तांबंच."

"मंग चिंच लावा ना. आमचा पान्याचा तांब्याचा गुंड कशानं घासतो मी? चिंचेनं. असाच पांढरा धरते तो."

रोशनीनं तिच्याकडं पाहिलं, मग सांगाड्याकडं. चिंच आंबट, आंबटानं हा थर विरघळतो हे तर लिंबानं दाखवलंच होतं. फार वेळ ठेवली तर सांधे खाईल अशी भीती होती. "थोडा वेळ बुडवू," ती म्हणाली, "अन् मी उठनार नाई इथून."

चिंचेचं गाळलेलं कोमट पाणी परातीत ओतलं. सांगाडा आत गेला आणि पात्यांमधून बुडबुड्यांच्या बारीक माळा वर यायला लागल्या. चौघंही परातीभोवती बसली. बाबुलालसुद्धा जाळं सोडून आला. तलावात गळ टाकून बसावं तसं त्याचं ते एकटक बघणं. "आत बराच माल आहे," तो म्हणाला. बुडबुडे थांबले तसा रोशनीनं सांगाडा काढला, स्वच्छ पाण्यानं आणि मग बॅटरीत घालतात त्या पाण्यानं धुतला, म्हणजे वाळताना पुन्हा काही चिकटायला नको. पात्यांच्या आरपार उजेड दिसला. नवीन नवरीच्या कमरपट्ट्यासारखं तांबं झळकत होतं. अंगणातल्या उन्हात ते सुकायला कितीसा वेळ! दुपारच्या फेरीत प्रफुलची बस फाट्यावर थांबली, तेव्हा बाबुलाल सायकल घेऊन उभाच होता; प्रफुलनं तिकिटांच्या पेटीतून पेस्टची नळी काढून खिडकीतून त्याच्या हातावर ठेवली आणि घंटी मारली.

पेस्ट लागली, पंखे बसले आणि या वेळी झाकणही लागलं. सेटिंगमध्ये जाऊन रोशनीनं मशीनची जादा धाव बंद केली. "थोडा हळू पळंन," ती पायलला म्हणाली, "पन दम नाई लागनार." आता प्रश्न राहिला बसवायचं कुठं. स्लॅबच्या खोलीत वरून तवा ठेवल्यासारखी आग, आणि कूलर तर नाहीच. रोशनी उठून मागच्या मातीच्या खोलीत गेली आणि तिथंच थांबली. जाड भिंती, कौलांच्या फटीतून वर निघून जाणारी गरम हवा, कोपऱ्यात माठ. पायांना जमीन थंड लागत होती.

"इथी बसत होती ना तू पह्यले?"

"हो. पन जाळ्यांचा वास येते म्हून तिकडं गेलो."

"उद्याचा दिवस मासळीच्या वासात काढ."

लॅपटॉपखाली हवा जायला जागा हवी होती. इंदिराबाईनं न सांगता मासळी वाळवायची बांबूची ताटी आणली, दोन विटांवर आडवी टाकली. रोशनीनं त्यावर मशीन ठेवलं, पायलचं जंगल उघडलं. अर्धा तास गेला. झाकण लावलेलं होतं. जंगल चालत होतं.

पण शनिवारचं चालणं वेगळं आणि रविवारची दुपार वेगळी. रविवारी रोशनीनं दुकान बंद ठेवलं. पायल आत, दार ओढून. बाहेरच्या खोलीत रोशनी, इंदिराबाई आणि बंद कूलर. इंदिराबाईच्या हातांना काम नव्हतं, हीच पंचाईत. तीनदा उठली, बादलीकडं पाहिलं, बसली.

"कोंबड्या हाकला तुमी," रोशनी म्हणाली. "आत जाऊ देऊ नका." तेवढं काम मिळाल्यावर ती जरा शांत झाली.

दारापलीकडून पायलचं हिंदी ऐकू येत होतं, "जी सर, कर रही हूँ," आणि त्याच्याखाली पंख्यांचा आवाज. रोशनीचं सगळं लक्ष त्या आवाजात. चढला. आणखी चढला, चक्कीसारखा. मग एका पट्टीत स्थिर झाला आणि तसाच राहिला. अर्धा तास कधीच उलटून गेला होता. बाहेर ऊन पांढरं फटफटीत, तलावाकडून एक कुत्रं हापत आलं आणि दारातल्या सावलीत पडलं. पायलचं बोलणं बंद झालं. नुसता पंखा. आणि मग पंखाही.

एकदम शांत.

इंदिराबाईनं रोशनीचं मनगट धरलं. "मेला वो बाई!" म्हणत ती बादलीकडं धावली, अर्ध्यात थांबली, परत आली. रोशनी दाराशी गेली, पण दार ढकलायची हिंमत तिला होईना. आतून काहीच येत नव्हतं. मग पायलचं हसणं आलं, आणि एका पुरुषाचा मशीनमधून आलेला आवाज. मशीन जिवंत होतं. काम संपलं होतं, ओझं उतरलं, म्हणून पंखे थांबले होते. बंद पडताना पंखे आधी बोंबलतात, हे रोशनीला ठाऊक असूनही ती घाबरली होती. ती तिथंच उंबऱ्यावर टेकली.

पायल बाहेर आली. केस कपाळाला चिकटलेले, अंगाला मासळीचा वास.

"बंद नाई पडला, ताई."

"थे समजलं. पुढचं सांग ना!"

"त्याहीनं तलाव बनवाले सांगतला. मी आपलाच बनवला. बाबाची मासे धराची टोपली बी ठेवली काठाले. साहेब म्हणे, हे काय आहे? मी म्हटलं, बाबा आहे बाहेर, विचारून सांगू काय?" ती हसली, आणि ओढणीनं कपाळ पुसलं. "उद्यापासून काम सुरू. तीन महिने पाह्यतो म्हणे, मंग पक्कं."

इंदिराबाई आत गेली. रोशनीला वाटलं, देवापुढं गेली असेल. पण ती मातीच्या खोलीत ताटीसमोर उभी होती आणि लॅपटॉपच्या पाठीवर तळहात ठेवून पाहत होती, ताप उतरला की नाही. निघताना तिनं रोशनीच्या पिशवीत चिंचेचा गोळा टाकला. बाबुलाल अंगणात टोपली उलटीपालटी करून बघत बसला होता. हैदराबादच्या साहेबाला तिच्यात काय दिसलं, हे त्याला अजून कळलं नव्हतं.

सोमवारी सकाळी तेच ऊन. रोशनीनं शटर वर केलं, झाडलं, पाणी शिंपलं. फळीवरची नवी बरणी काढून वरची चिठ्ठी सोलली आणि दुसरी चिकटवली: 'कूलर, बोअरचं पाणी'. मग नळी उचलून आपल्या कूलरकडं गेली आणि थबकली. इतक्या उन्हाळ्यांत तिनं त्याच्या जाळीकडं कधी नीट पाहिलंच नव्हतं. कडेला एक बारीक पांढरी रेघ होतीच. बोअरच्या पाण्याइतकी नव्हे, पण होती. नळाचं पाणी कुठून येतं, टाकीत येण्याआधी ते कुठल्या जमिनीतून जातं, हे एकदा विचारायला हवं होतं.

तेवढ्यात दारात कोणीतरी डोकावलं. बगलेत लॅपटॉप, डोक्याला दुपट्टा.

"भाऊ कुठी गेले?"

"बस घेऊन गेले. ठेवा इथी," रोशनी म्हणाली. "अन् आधी सांगा, घरी हा कुठी ठेवता?"

माणूस सांगत राहिला. रोशनीनं कूलरच्या तिन्ही ताट्या काढून भिंतीला टेकवल्या, चिंच भिजत घातली, पदर खोचला आणि जाळी घासायला बसली.